गाडीतलं मुख्य काय

प्रत्येक घटनेमागे एक कारण असतं आणि ते सापडल्यावाचून माणसाची बुद्धी स्वस्थ बसू शकत नाही. धाराशिवच्या कॉलेजात तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला हे वाक्य मी दरवर्षी सांगत आलो आणि मुलं दरवर्षी ते लिहून घेत आली. निवृत्त झाल्यावर आमची गाडी घाटात बंद पडायला लागली तेव्हा लक्षात आलं, की कारण न सापडताही माझी बुद्धी दीड महिना छान स्वस्थ बसू शकते. अस्वस्थ होती ती बायको.

गाडी म्हणजे सतरा वर्षांपूर्वी घेतलेली लहान पेट्रोल मोटार. ‘आमची’ म्हणतो ते सवयीनं, कारण मला गाडी चालवता येत नाही. बायको तामलवाडीकडच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. चाळिशीत ती याच गाडीवर शिकली. तेव्हापासून रोज सकाळी धाराशिवहून निघायचं, तुळजापूरला वडिलांकडे दहा मिनिटं बसायचं, घाट उतरून शाळा गाठायची आणि संध्याकाळी घाट चढून परत यायचं, असा तिचा क्रम. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

भाद्रपदात गाडी पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, वळणावर इंजिन नुसतं गप्प झालं. बायकोनं हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला आणि पदर खोचून रस्त्यात उभी राहिली. अर्ध्या तासानं किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा झालं त्या संध्याकाळी तिनं घरी येऊन किल्ली माझ्यासमोर पेपरवर ठेवली.

“अजून एकदा घाटात बंद पडली की मी गाडी सोडली,” ती म्हणाली. “मग दुरुस्त झाली तरी स्टेअरिंगला हात लावणार नाही. राहिलेलं वर्ष एसटीनं जाईन.”

आवाज चढलेला नव्हता. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर न चढलेल्या आवाजाचा अर्थ कळतो. एसटीनं जायचं म्हणजे पहाटे निघायचं, तुळजापूरला गाडी बदलायची आणि फाट्यापासून पुढं मिळेल त्या टमटमनं. वडिलांकडची दहा मिनिटं त्यात बसत नव्हती. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि सकाळी लेकीची गाडी वळल्याशिवाय चहा घेत नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून गाडी गॅरेजात घेऊन गेली आणि मी शेजारी बसून गेलो. गॅरेजातल्या मिस्त्रींनी आमची गाडी पहिल्यापासून बघितलेली. त्यांची ख्याती अशी, की ते बॉनेट उघडत नाहीत. डोळे मिटून कान देतात आणि रोग सांगतात. त्यांनी कान दिला.

“पेट्रोलचा पंप गेलाय, सर. लई साफ ऐकू येतंय.”

मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण मान मीही हलवली. पंप बदलला. चार दिवस गाडी चालली आणि पाचव्या दिवशी गॅरेजासमोरच बंद पडली. मग मिस्त्रींच्या कानाला कॉइल ऐकू आली. मग प्लग. प्रत्येक वेळी निदान तितकंच खात्रीचं असे, आणि आधीचं निदानही चुकलं होतं असं ते म्हणत नसत. “तेबी गेलंच होतं,” म्हणत. दरम्यान शेजाऱ्यांनी पंपावरच्या पेट्रोलात पाणी असल्याचं सांगितलं, दुधवाल्यानं बॅटरी सांगितली आणि पुण्याहून मुलानं फोनवर गाडी विका म्हणून सांगितलं. मी हे सगळं एका वहीत दोन रकान्यांत मांडून बघितलं. एकमेकांना छेद देणारी सहा विधानं होती आणि सहाही पटण्यासारखी होती.

शेवटी मिस्त्रींनी सोलापूरच्या एका वायरिंगवाल्याला बोलावलं. तो चाळिशीतला, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं स्टेअरिंगखाली एक यंत्र जोडलं, पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “ईसीएम बोलत नाही.”

मी विचारलं, कोण?

त्यानं सांगितलं, की इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा एक कॉम्प्युटर गाडीत असतो. तो गार असला की शुद्धीवर असतो, तापला की बेशुद्ध होतो. घाट चढताना इंजिन तापतं, म्हणून तो तिथंच जातो. मी आयुष्यभर कॉम्प्युटर टाळलेला माणूस. कॉलेजात आमच्या विभागाला मिळालेला कॉम्प्युटर मी इतिहासवाल्यांना देऊन टाकला होता. आता कळलं, की सतरा वर्षं मी एकाच्या शेजारी बसून फिरत होतो.

त्यानं बॉनेटखालची एक चपटी, पत्र्याची पेटी सोडवली. वरच्या बाजूला पिवळट थर होता. झाकण काढल्यावर आत हिरवी बुरशी चढलेली, आणि कडेला एक तांदळाचा दाणा चिकटलेला. वायरिंगवाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, दाणा चिमट्यानं उचलला आणि वळून बघितलं.

“ह्याच्यावर नारळ फोडता काय?”

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी बायकोकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती.

नारळ तिथं फुटत नसे, तो खाली दगडावर फुटे. पण दर दसऱ्याला सासरे तुळजापूरहून येत, बॉनेट उघडायला लावत आणि त्या पेटीची पूजा करत. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वर फुटलेल्या नारळाचं पाणी. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पूजेचं काम. बाकीचे लोक गाडीच्या टपाला हार घालतात, पत्र्याला कुंकू लावतात, ते त्यांना पसंत नव्हतं. पूजा यंत्राची करायची, झाकणाची नाही, असं त्यांचं म्हणणं. इंजिनाच्या सगळ्या गुंतागुंतीत तेवढी एकच जागा सपाट, पाटासारखी. सतरा दसऱ्यांचं नारळपाणी त्या कॉम्प्युटरनं घेतलं होतं.

मी विचारलं, मग त्यानंच बिघडला का? वायरिंगवाला म्हणाला, असेल. पण इतक्या वर्षांत आतले भाग आपोआपही जातात. म्हणजे दोन कारणं हाती होती, दोन्ही पुरेशी होती आणि कुठलंच आवश्यक नव्हतं. हा प्रश्न मी परीक्षेत घालत असे. उत्तर मला आठवेना.

नवी पेटी मिळणार नव्हती, ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं. वायरिंगवाल्यानं सोलापूरच्या भंगारबाजारातून तशाच गाडीची जुनी पेटी आणली. नंबर जुळवून बघितला, बसवली, किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. डॅशबोर्डवर किल्लीच्या आकाराचा एक दिवा लुकलुकत राहिला.

“ही पेटी तुमच्या किल्लीला ओळखत नाही,” तो म्हणाला. “तिला तिच्या जुन्या मालकाचीच किल्ली पाहिजे.”

ती गाडी तर भंगारात कापली गेली होती. मालकाचा पत्ता नव्हता. गाडी नाही, मालक नाही, आणि ओळख मात्र शाबूत, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, त्यांना काम करू द्या.”

उपाय एकच होता. आमच्या पेटीतली ओळख काढून भंगारातून आणलेल्या पेटीत भरायची. पण त्यासाठी आमची पेटी काही मिनिटं तरी शुद्धीवर पाहिजे, आणि आता ती साध्या हवेतही बेशुद्ध होत होती. वायरिंगवाल्यानं आजूबाजूला बघितलं. गॅरेजाच्या शेजारी खव्याचं दुकान आहे. भूमकडून खवा येतो, दोन मोठे डीप फ्रीझर आहेत. मिस्त्री गेले आणि विनंती केली. दुकानदारानं आधी पेटीचा वास घेतला.

“खव्याला ऑइलचा वास लागला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर मारंल,” तो म्हणाला.

बायको पुढं झाली. दुकानदाराची मुलगी कधीकाळी तिच्या हाताखाली शिकलेली. बायको एवढंच म्हणाली, की मला शाळेत जायचंय. त्यानं फ्रीझरचं झाकण उघडलं. पेटीला प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून रबर लावले आणि खव्याच्या दोन गोळ्यांमध्ये ठेवून दिलं. आम्ही चौघं बाकावर बसून वाट बघत राहिलो. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तशी एकूण कळा होती, फक्त मधूनमधून कोणीतरी पाव किलो खवा मागायला येत होतं.

तासाभरानं पेटी बाहेर काढली, पुसली, लॅपटॉपला जोडली. ती सहा-सात मिनिटं बोलली. वायरिंगवाल्यानं तेवढ्यात काम उरकलं. भंगारातली पेटी बसवल्यावर दिवा लुकलुकायचा थांबला आणि गाडी सुरू झाली. मिस्त्रींनी डोळे मिटून कान दिला आणि आता ठीक ऐकू येतंय म्हणाले.

पुढचा प्रश्न सासऱ्यांचा होता. दसरा आठ दिवसांवर आलेला. त्यांच्या पूजेनं गाडी बिघडली, हे त्यांना सांगायचं कोणी? मी एक लांबलचक प्रस्तावना तयार केली. तिच्यात श्रद्धेचा आदर होता, विद्युत्शास्त्र होतं आणि मुद्दा शेवटी होता. नवरात्राच्या गर्दीतून वाट काढत आम्ही तुळजापूरच्या घरी पोचलो. मी प्रस्तावनेच्या दुसऱ्या वाक्यावर असताना बायकोनं सांगून टाकलं, “दादा, तुम्ही ज्याच्यावर नारळाचं पाणी घालत होता, तो गाडीचा कॉम्प्युटर होता. तो पाण्यानं गेला.”

सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. माझ्याकडे वळले.

“जावईबापू, गाडी घेतली त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ह्यातलं मुख्य काय? तुम्ही बोट दाखवलंत.”

मला ते आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवलं. बॉनेट उघडं होतं, आतलं मला एकही ओळखता येत नव्हतं, पण प्राध्यापकाला प्रश्न विचारला गेला होता. त्यातल्या त्यात नीटनेटकी दिसणारी पेटी मी दाखवली होती, आणि बहुधा ठामपणे. वाईट याचं वाटलं, की उत्तर बरोबर होतं.

बायको हसली. दीड महिन्यात पहिल्यांदाच. सासरेही हसले आणि लेकीला म्हणाले, की मग यंदा कशाची पूजा करायची ते आता तुझ्या नवऱ्याला विचारू नकोस. दसऱ्याला त्यांनी स्टेअरिंगला कुंकवाचं बोट लावलं, दुसरं बोट लेकीच्या कपाळाला लावलं आणि पाणी चाकावर घातलं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी ती शाळेत निघाली तेव्हा मीही बरोबर गेलो. माझा काही उपयोग नव्हता, पण बंद पडलीच तर दगड लावायला माणूस असावा. संध्याकाळी परत येताना घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी नेहमी बंद पडायची त्या जागी तिनं श्वास रोखला आणि मीही रोखला. इंजिन चालू राहिलं. माथ्यावर आलो, तुळजापूरची पहिली घरं दिसली. तिनं एक हात स्टेअरिंगवरून काढून घाम पुसला आणि म्हणाली, “जाईल वर्ष.”

मला भरून आलं. माणूस, यंत्र आणि चिकाटी यांच्याविषयी काही बोलावं असं वाटलं, आणि सुरुवात करण्यापूर्वी मी सहज मागं वळून बघितलं. आम्ही घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी अठराच्या वेगानं चढलो होतो, आणि आमच्या मागं नऊ ट्रक, दोन एसटी आणि भजन म्हणणाऱ्या भाविकांचा एक टेम्पो होता.