अयुथयाला एकटी, वंदनेला दोघी

आई गेली आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली संध्याकाळची बुद्धवंदना बंद पडली. रोज आम्ही दोघी मिळून म्हणायचो. आता एकटीनं सुरू केलं की ‘धम्मं सरणं’ला आवाजच फुटत नाही. ऑफिसात रजा साठली होती, घेतली नाही तर बुडणार होती. म्हटलं, जिथे गल्लोगल्ली विहार आहेत तिथे तरी तोंड उघडतंय का बघू. काढलं थायलंडचं तिकीट.

बँकॉकहून अयुथयाला साधी रेल्वेच घ्या. पंख्याच्या डब्याचं तिकीट दोन-तीन वडापावांच्या पैशांत येतं. स्टेशनसमोर होडीनं नदी ओलांडायची आणि भाड्याची सायकल घ्यायची. टोपी विसरू नका. मी विसरले आणि भाजून निघाले.

ही एकेकाळची राजधानी. आता लाल विटांचे झुकलेले मनोरे आणि शिर नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा. झाडाच्या मुळांत अडकलेलं ते प्रसिद्ध शिर पाहिलं. तिथे फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाता कामा नये. मी बसले खरी, पण माझा फोटो काढणार कोण? पुण्याच्याच एका टूरमधल्या काकू आपणहून पुढे आल्या.

“एकट्याच आलात? घरचे?”

“घरी कुणी नाही.”

त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला. फोटो काढला, पर्समधून दोन बाकरवड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि बस चुकेल म्हणून पळाल्या. मला रडू आलं, खरं सांगते.

जेवायला रस्त्याकडेची गाडी गाठली. कच्ची पपई, शेंगदाणे, मिरची, सगळं खलबत्त्यात कुटून देतात. गाडीवरच्या बाईंनी बोटांनी विचारलं, मिरच्या किती? आई नागपूरची, त्या तोऱ्यात मी चार दाखवल्या. नाकाडोळ्यांतून पाणी! वरून गोड म्हणून पातळ पोळीत गुंडाळलेले म्हातारीचे केस खाल्ले. ते इथलं खास, अजिबात चुकवू नका. माशाचा सॉस मात्र सगळ्यात असतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा.

ऊन कलल्यावर अवशेषांशेजारच्या मोठ्या विहारात टेकले. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातली एक आजी बसली होती. मी कुठली ते तिनं खुणेनं विचारलं. “इंडिया” म्हटल्यावर ती खुलली, हात जोडून तिनं त्रिशरण सुरू केलं. उच्चार तिचे निराळे, शब्द तेच, पाली. मी तिच्या आवाजाला धरून निघाले. ‘धम्मं सरणं’ आलं आणि गेलं, कळलंसुद्धा नाही. पंचशील संपलं तशी ती माझा हात धरून थायमध्ये बरंच काही बोलली. मला ओ की ठो कळलं नाही. मग मीही मराठीत सांगून टाकलं, “आई असती तर तुमचं छान जमलं असतं, आजी.”

जावं का? जरूर जा. अवशेष दिवसभरात बघून होतात, जेवण स्वस्त आहे, माणसं मायाळू आहेत. फक्त जेवायला बसल्यावर समोरची खुर्ची रिकामी असते, तिची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

घरी आले, बॅग दारातच ठेवून मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. आवाज दोनदा अडकला, पण थांबले नाही. शेवटचं ‘साधु, साधु, साधु’ नेहमी आई म्हणायची, मी नुसतीच मान लववायचे. सवयीनं थोडं थांबले. मग तेही मीच म्हटलं.