ही, शे आणि कानबाईचं लुगडं

धुळ्यात आमच्या गल्लीत शिरून इंग्रजीचे मास्तर कुठं राहतात असं कुणालाही विचारलं, तर सांगतील, ज्या घरातून बाईमाणसाचा ओरडा ऐकू येतो तिथं. ती बाई मी. पण का ओरडते, हे आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून तुळशीला पाणी घालून, दिवा लावून, आज वहीत रोजच्यापेक्षा जरा जास्तच लिहायला बसले आहे.

त्यांचं नाव मी घेणार नाही. सासूबाई भाईदास म्हणतात, शाळेत मास्तर म्हणतात, मीही मास्तरच म्हणते. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. वडील अंगठा उठवायचे. हे मात्र कंदिलाखाली बसून मॅट्रिक झाले आणि गावात पहिल्यांदा इंग्रजीतली तार वाचली ती ह्यांनी. तार मयताची होती, तरी लोकांनी पाठ थोपटली म्हणे. पुढं धुळ्याच्या एका शाळेत नोकरी लागली. तेव्हा इंग्रजी शिकवणं म्हणजे सोपं काम होतं. पुस्तकातलं वाक्य वाचायचं, खाली मराठी अर्थ सांगायचा, मुलांनी पाठ करायचं, नाही केलं तर छडी. घरात शांतता होती. माझी देवपूजा वेळेवर होत होती.

मग ह्यांना कुणीतरी मुंबईला शिक्षकांच्या वर्गाला पाठवलं. गेले ते साधे मास्तर होते. आले ते वारं भरल्यासारखे.

"भाषा आधी कानातून जाते," आल्या आल्या ट्रंक खाली ठेवायच्या आत म्हणाले. "डोळ्यातून नाही. आपण सगळे उलटं करत होतो."

"बरं. हातपाय धुवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी देवघरातली घंटा गायब. शाळेत वर्गाच्या मधोमध माझी चादर बांधली होती आणि तिच्यामागं उभं राहून मास्तर घंटा वाजवत होते, तांब्यातून पाणी ओतत होते, खलबत्त्यात काहीबाही कुटत होते. मुलांनी नुसतं ऐकून सांगायचं, मास्तर आता काय करत आहेत. यू आर रिंगिंग अ बेल. यू आर पोअरिंग वॉटर. चालू वर्तमानकाळ म्हणे. माझ्या देवाला त्या दिवशी चालू वर्तमानकाळात घंटेवाचून आंघोळ घालावी लागली.

मग कानगोष्टीचा खेळ काढला. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात इंग्रजी वाक्य सांगायचं, त्यानं दुसऱ्याच्या कानात, असं शेवटच्या बाकापर्यंत. 'इट इज रेनिंग इन धुळे' असं सोडलं, ते शेवटी 'ईज रेडा इन धुळे' होऊन बाहेर पडलं. सगळी पोरं खिडकीतून रेडा बघायला उठली. घरी येऊन हे मला हसून सांगत होते. मी विचारलं, "ह्यात पोरं शिकली काय?" तर म्हणाले, "कुठल्या बाकाशी कान बंद होतो ते मला कळलं." त्यांना कळलं! शिकायला पोरं येतात की हे?

नोकरी ह्यांची अजून कच्ची होती. कायम व्हायचं तर श्रावणात येणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला पडायला हवा. आणि शाळेचे सेक्रेटरी आबासाहेब ह्यांच्यावर आधीच खार खाऊन. त्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं, "मास्तर, साहेबांनी नापसंत केलं, तर तुमची चादर आणि घंटा घेऊन घरी जायचं." मी घाबरून दोंडाईच्याला माझे थोरले भाऊ तोताराम नाना यांना निरोप धाडला. ते कापसाच्या जिनात मुकादम. त्यांनी कळवलं, कपाशीच्या वजनकाट्यावर एक माणूस लागणारच आहे, श्रावणात कानबाई देवीच्या सणाला येईन तेव्हा मेव्हण्यांना सोबतच घेऊन जाईन. मास्तरांना मी हे सांगितलं. ऐकलं आणि म्हणाले, "काट्यावर? तिथं बोलायचं कुणाशी?"

आता खरी अडचण काय होती ते सांगते, कारण सगळं पुढचं त्याच्यामुळं झालं.

मुलांना 'ही' आणि 'शी' येईना. पुरुषाला 'ही', बाईला 'शी', एवढं साधं. पण मुलाकडं बोट दाखवलं तरी चूक, मुलीचं चित्र दाखवलं तरी चूक. आणि 'शी' तर तोंडातून निघेचना, 'शे' निघायचं. मास्तरांनी ठरवलं, उच्चार कच्चा आहे. रोज सकाळी अख्खा वर्ग एका सुरात "शी! शी! शी!" करायला लागला. एकदा नेमके आबासाहेब व्हरांड्यातून चालले होते. ते थबकले, स्वतःच्या धोतराकडं बघितलं, बुटाचा तळवा उचलून बघितला आणि मग आत येऊन मास्तरांना नको नको ते बोलले.

घरीही तोच जप. संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. सासूबाई, धुरपदाबाई, जात्याजवळ डाळ निवडत बसल्या होत्या. हे माझ्याकडं बोट करून घोकत होते, "शी इज. शी इज. शी इज कुकिंग."

सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण मनात आलं ते बोलून मोकळ्या होतात. बराच वेळ त्यांनी सोसलं. मग सूप आपटलं.

"भायदास, येडा व्हई गया का रे तू? शे, शे, शे! ती शे ते माले बी दिसस. पन ती काय शे, ते ते सांग!"

मला हसू फुटलं. हे हसले नाहीत. उभेच राहिले.

"आई, पुन्हा म्हण."

"काय म्हनू? शे म्हंजे शे!"

आमच्या खानदेशात खेड्यावर 'आहे'ला 'शे' म्हणतात, हे काय सांगायला हवं? पण मास्तरांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. वर्गातली निम्मी पोरं खेड्यावरची. 'शी' ऐकलं की त्यांच्या कानाला ओळखीचा 'शे'च ऐकू यायचा. आणि 'ही'? मराठी चौथीपर्यंत तीच पोरं शिकली होती, ही मुलगी, ही गाय. म्हणजे पोरांच्या हिशेबी 'ही' बाईमाणूस आणि 'शे' म्हणजे आहे. म्हणून तर मुलीचं चित्र दाखवलं की सगळा वर्ग आनंदानं ओरडायचा, "ही गर्ल शे!"

"बरोबर बोलत होती गं पोरं!" हे मला म्हणाले. "सगळं बरोबर! फक्त इंग्रजी नव्हतं!"

"मग आबासाहेबांना तसंच सांगा," मी म्हटलं. भाकरी करपली होती.

आता मात्र ह्यांनी नवा खेळ काढला. दोन पोरं पुढं उभी करायची. एकाच्या डोक्यावर पागोटं, तो 'ही'. दुसऱ्याला लुगडं गुंडाळायचं, तो 'शी'. मास्तर पाठमोरे उभे राहून हुकूम सोडणार, "शी सिट्स डाउन. ही ओपन्स द डोअर." ज्याचं नाव निघालं त्यानंच हलायचं, चुकीचा हलला तर बाद, आणि वर्गानं ओरडून सांगायचं. पागोटं ह्यांच्या वडिलांचं. लुगडं कुणाचं असणार? माझं. जुनं होतं ते दिलं, तर ते बाकाच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटलं. दुसरं दिलं, त्यावर शाई सांडली. मी सांगून टाकलं, आता ह्या घरातलं फडकंसुद्धा शाळेत जाणार नाही.

कानबाई रविवारी बसायच्या होत्या. नैवेद्याच्या रोटांचं दळण झालेलं, नारळ आणलेला, चौरंग धुऊन ठेवलेला. देवीचं नवं लुगडं, गर्द हिरवं, तांबड्या काठाचं, मी ट्रंकेत तळाशी कापूर घालून ठेवलं होतं. देवीच्या आधी ते कुणाच्या अंगाला लागायचं नाही. शनिवारी दुपारी ऊन द्यावं म्हणून ट्रंक उघडली. कापूर होता. लुगडं नव्हतं.

इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून हे सकाळीच न जेवता पळाले होते, एवढं आठवलं आणि मला सगळं कळलं. डोक्यावर पदर घट्ट घेतला आणि निघाले. वाटेत देवीची क्षमा मागत होते आणि मध्येच ह्यांना शिव्या देत होते. कुठली प्रार्थना आणि कुठली शिवी, त्याचा घोळ व्हायला लागला.

शाळेच्या व्हरांड्यात खिडकीपाशी पोचले आणि जागच्या जागी उभी राहिले. आत वना नावाचा पोरगा कानबाईचं लुगडं नेसून उभा. कमरेला सुतळी बांधलेली! शेजारी पागोटंवाला. खुर्चीवर इन्स्पेक्टरसाहेब, पिकल्या मिशांचे, कडक कोटातले. बाजूला आबासाहेब हात मागं बांधून. आत शिरावं तर साहेब. परत जावं तर लुगडं. मी खिडकीचा गज धरून उभी.

खेळ सुरळीत चालला होता, हे मलाही कळत होतं. शी म्हटलं की वना हलत होता, ही म्हटलं की दुसरा. मास्तरांच्या कपाळावर घाम, पण आवाज ठाम. मग साहेबांनी हात वर केला. आता मी विचारतो, म्हणाले, आणि वनाकडं बोट केलं.

"हू इज शी?"

वर्ग गरजला, "शी इज वना!"

"इज वना अ गर्ल?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पंख्याविना तो वर्ग आणखीच कोंडला. मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग गेला. हा प्रश्न त्यांनी शिकवलाच नव्हता.

मागून सुकदेव नावाचा दांडगा पोरगा उठला. "नो सर. वना इज बॉय."

"देन व्हाय डू यू से शी?"

"लुगडं इज शी, सर. वना इज ही."

"नो!" पुढच्या बाकावरचा उसळला. "लुगडं अँड वना, बोथ शी!"

"नो! ही!"

"शी!"

अर्धा वर्ग 'ही' झाला, अर्धा 'शी'. बाकांवर हात आपटायला लागले. कुणी कुणाची टोपी उडवली. आबासाहेब "सायलेन्स, सायलेन्स" ओरडत होते, त्यांना कोण विचारतो! वना मध्ये उभा, रडकुंडीला आलेला.

"आय ॲम नॉट शी!" तो किंचाळला. "आय ॲम ही!" आणि त्यानं सुतळी ओढली, लुगडं फेडलं आणि खाली खडूच्या धुरळ्यात टाकून दिलं. आत नेहमीची चड्डी होती म्हणून बरं.

खिडकीत माझ्या तोंडून "आई गं, कानबाई!" एवढंच निघालं.

सुकदेवनं हात वर केला. शांतपणे, साक्ष द्यावी तसा म्हणाला, "सर. वना वॉज शी. नाऊ ही इज ही."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. भूतकाळ त्या वर्गाला अजून सुरूच व्हायचा होता. कुठून उचलला त्यानं, देव जाणे. साहेबांनी रुमाल काढला, तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

आबासाहेब मात्र हसले नाहीत. "हा काय तमाशा, मास्तर? नाटक कंपनी आहे का ही?" आणि त्यांनीच साहेबांना आग्रह करून पोरांचं भाषांतर घ्यायला लावलं. त्यात पोरं सपाटून आपटली. मराठी वाक्य दिलं की इंग्रजी लिहिताना सगळ्यांची गाडी दोन शब्दांत थांबे. मी तोवर आत जाऊन, कुणाकडं न बघता, लुगडं उचललं. मास्तर हळूच म्हणाले, "अगं, रागावू नकोस." मी लुगड्यावरचा खडू झटकला. साहेबांसमोर नवऱ्याला काय बोलायचं?

शेरा संध्याकाळी कळला. मुलं निर्भयपणे बोलतात. भाषांतर कच्चं. शिस्त नाही. शिक्षकास कायम करू नये, काढूही नये. आणखी एक वर्ष पाहावं.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे वर्ग राहिला," हे म्हणाले. चेहरा असा, जणू जहागीर मिळाली.

"आणि नोकरी?"

"तीही आहे. कच्ची."

मी कपाळाला हात लावला. एक वर्ष! एक वर्ष घंटा, चादर, सूप, पळी, ताट. एक वर्ष आबासाहेबांचे टोमणे. कायम केलं असतं तर निदान धाक गेला असता, काढलं असतं तर निदान वाट तरी कळली असती. हे साहेबलोक अर्धवट निवाडे देतात आणि निस्तरायचं घरच्या बाईनं. लुगडं विटाळलं का, असं मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लेकरूनं नेसं ते काय इटाळ व्हयना? धुई टाक." रात्रभर ते दोरीवर टपटपत राहिलं.

रविवारी कानबाई बसल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, समोर रोट. तोताराम नाना दोंडाईच्याहून आले होते, जेवण झाल्यावर ओसरीवर पान लावत बसले. म्हणाले, "मेव्हणे, बोलणं करून आलोय. सोमवारी देवी पाण्यात गेल्या की निघायचं आपण. काटा वाट बघतोय."

मास्तर खाली बघत सुपारी कातरत होते. दिवसभर वर्गात इतकी बडबड करणारा माणूस, आणि स्वतःचं म्हणणं सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप! नानांना निरोप मी धाडला होता, आता माघारही मलाच घ्यायला लागणार, हे मला दिसत होतं. माझा असा संताप झाला.

"नाना," मी दारातून म्हटलं, "ते येणार नाहीत."

"का गं बाई? तूच तर सांगावा धाडलास!"

"त्यांच्या वर्गाचा भूतकाळ शिकवायचा राहिलाय. तुमच्या काट्यावर दुसरा कुणी बघा."

नाना माझ्याकडं बघत राहिले, मग मास्तरांकडं. मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "भूतकाळासाठी जरा मोठी पेटी लागेल. जुन्या वस्तू भरायला. तुझी ट्रंक..."

"ट्रंकेला हात लावलात तर बघा," मी म्हटलं, आणि आरतीची वेळ झाली म्हणून आत गेले.