पाहुण्याचं पाणी

नलूला बऱ्याच गोष्टी धड जमत नसत, पण एक मात्र पक्की जमे. दारात माणूस आला की आधी पाणी, मग बाकीचं. बाप बबनराव गेला तेव्हा शेत आणि दुकान तिच्या भावाला, कैलासला, ठेवून गेला आणि ही एक शिकवण नलूला. गडव्यात पाणी, वाटीत गुळाचा खडा. सेलूच्या त्या घरातून कोरड्या घशानं कुणी परत गेलं नाही. पोस्टमन बिचारा नको नको म्हणायचा, तरी नलू त्याला पाजल्याशिवाय सोडायची नाही.

आता गावाचं काय सांगावं! मास्तरांनी तिला लहानपणीच घरी धाडलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून. तेव्हापासून ती येडी नलू. केस पिकायला लागले, तरी कुणी तिला नलूताई म्हटलं नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं, हेच खरं.

मागच्या वर्षी पुतणीची, काजलची, जमत आलेली सोयरीक मोडली. 'घरात येडी आत्या हाय, रक्तातच असन,' असं कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानात फुंकलं. म्हणून या वेळी आष्टीचे पाहुणे काजलला बघायला येणार म्हटल्यावर कैलासनं सकाळीच बहिणीला शेजारी मंदाबाईकडे नेऊन बसवलं.

"इथंच बसजो. मी न्यायले आल्याबिगर येऊ नोको."

"काऊन?"

"पाहुणे येऊन राह्यले ना, नलू."

हे काही नलूला उमगेना. पाहुणे येणार आणि आपणच बाहेर? मग पाणी कोण देणार? भावजय स्वयंपाकात, काजल साडीच्या निऱ्यांत. तिनं मंदाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "देईन कोनी बी. तू तुरीच्या शेंगा सोल." नलू सोलू लागली, पण दाणे सुपाबाहेर आणि सालं सुपात पडू लागली. इतक्यात शेजारी गाडी थांबली. नलू उठलीच.

मागच्या दारानं घरात शिरली, गडवा भरला, गूळ घेतला, पदर सारखा केला आणि थेट बैठकीत गेली. मुलाचे काका सदाशिवराव सगळ्यांत वडीलधारे दिसले, म्हणून पहिलं पाणी त्यांना. यात चुकलं काय, सांगा बरं! पण कैलासचा चेहरा पडला आणि दारातून डोकावणाऱ्या काजलनं मान खाली घातली. नलूला वाटलं, गुळाचा खडा लहान झाला की काय.

सदाशिवराव पाणी प्यायले. "हे बाई कोन होय?"

कैलासनं नलूला आत जायला खुणावलं. मग म्हणाला, "शेजारची होय. येते कामाले कधीमधी."

"बरं. अन् घरी कोन कोन असते तुमच्या?"

"आमी तिघंच."

नलूनं दाराआड उभं राहून बोटांवर मोजलं. कैलास, भावजय, काजल. चौथं बोट तिनं उघडलं, पाहिलं आणि मिटून घेतलं. कैलास शिकलेला माणूस, दुकान चालवतो, तो कसा चुकेल? चुकतो ते नेहमी आपणच. मग इतके दिवस आपण कोणाच्या घरात राहत होतो? तिला भीतीच वाटली. गडवा जागेवर पालथा ठेवून ती मुकाट मंदाबाईकडे गेली.

सोयरीक जमली. पेढे वाटून झाले. दिवेलागणीला कैलास पेढ्याचा पुडा घेऊन मंदाबाईच्या दारात आला.

"चाल नलू, घरी."

नलू उठली. मग आत गेली, मंदाबाईचा गडवा भरून आणला, गूळही आणला.

"घ्या. आधी पानी घ्या."

"नलू, मी होय. कैलास."

"हो. शेजारचे ना तुमी?" ती रागावलेली नव्हती की थट्टाही करत नव्हती. तिला नीट समजून घ्यायचं होतं. "घरी कोन कोन असते तुमच्या?"

कैलासनं गूळ तोंडात टाकला आणि पाणी पिऊन संपवलं. नलू रिकामा गडवा परत घेण्यासाठी हात पुढे करून उभी राहिली.