पंखा नको

कॉम्प्युटरला पंखा नको, असं मी दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्याने आधी माझ्या श्रवणयंत्राकडे पाहिलं आणि मग आवाज चढवून तेच वाक्य प्रश्न करून मला परत दिलं. मी म्हणालो, बरोबर ऐकलंत.

पत्नीने आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत सोनईच्या, म्हणजे माहेरच्या, आठवणी मोबाईलवर बोलून ठेवल्या होत्या. मोबाईल खिडकीत असे, ती पलंगावर, आणि तिचा आवाज तोवर पार बसलेला. ती गेल्यावर हे सगळं शब्दन् शब्द उतरवून काढायचं मी ठरवलं. पण कॉम्प्युटर सुरू केला की आतला पंखा घरघरायचा, आणि माझं श्रवणयंत्र तिच्या आवाजाआधी ती घरघर मोठी करायचं. हेडफोन लावला तर यंत्र शिट्टी वाजवायचं. पुण्याहून मुलाने तेच बोलणं कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून स्वच्छ करून पाठवलं. आवाज मोठा झाला होता, पण दोन शब्दांमधला तिचा श्वास पुसला गेला होता. ती प्रत मी पुन्हा उघडली नाही.

भेटायला येणाऱ्यांचा सल्ला उलटाच होता. एकट्याच्या घरात आवाज पाहिजे, टीव्ही लावून ठेवत जा. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, यातून हळूहळू बाहेर पडा. मला बाहेर पडायचं नव्हतं. मला नीट ऐकायचं होतं, आणि त्यासाठी घर शांत हवं होतं.

प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर कूलर बसवतात. बिनपंख्याच्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांवर ओवलेल्या पातळ पट्ट्या. उष्णता नळ्यांमधून पट्ट्यांत पसरते आणि गरम हवा आपली आपण वर निघून जाते. हे मी आठवडाभर वाचून काढलं होतं. दुकानदाराने दोन नमुने मागवले. एक देखणा, पट्ट्या दाट बसवलेला. दुसरा ओबडधोबड, पट्ट्या विरळ. त्याच्या मते दाट म्हणजे धातू जास्त, म्हणून तोच चांगला. मी विरळ घेतला. ढकलायला पंखा नसेल तर हवेला वाट मोकळी हवी. सोबत कमी तापणारा प्रोसेसर, बिनपंख्याचा वीजपुरवठा आणि वरून जाळी असलेला डबा.

“सर, हे कोपरगाव आहे,” दुकानदार म्हणाला. “उन्हाळ्यात बंद पडला तर माझ्याकडे आणू नका.”

“नाही आणणार,” मी म्हणालो.

तो बंद पडला, पण उन्हाळ्यात नव्हे, ऐन थंडीत. साखर कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता. त्या दिवसांत आमच्याकडे चिमणीची काळी राख गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दाराखालून आत, सगळीकडे येते. धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती. ती कांदा पिकवणाऱ्या घरात दिलेली. राख बसू नये म्हणून तिने पत्नीच्या जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून डब्यावर घातली, चारी बाजूंनी नीट खोचलीसुद्धा. मी ऐकत असताना पडदा काळा झाला. हात लावला तर डबा तव्यासारखा.

“दुकानवाला म्हनत हुता ते खोटं न्हाई मग,” ती म्हणाली. “पंखा बसवून घे, दादा. हट्ट कशापायी?”

“तुझ्या कांदाचाळीला पंखा आहे का?”

“चाळीला कशाला पंखा? खालनं वारं शिरतं, वरनं जातं.”

“मग तिच्यावर गोधडी घालशील?”

ती डब्याकडे बघत राहिली. “कांदं सडत्याल की,” म्हणाली, आणि जरा वेळाने, “पर राख पडंल त्याचं काय?”

“मी पुसेन. रोज पुसेन.”

तिने साडी काढली, झटकली आणि घडी करून मांडीवर घेऊन बसली. डबा निवल्यावर मी तोच भाग पुन्हा लावला. खोलीत दुसरा काही आवाज नव्हता. सोनईच्या विहिरीबद्दल सांगता सांगता पत्नी मध्येच थांबते, तिथे पूर्वी मी कागदावर नुसती रेघ ओढली होती. ती थांबली नव्हती. अगदी खालच्या आवाजात ती माझ्याशी बोलली होती.

“अहो, खिडकी लावा. राख येतीय.”

पाठोपाठ कडीचा आवाज आला, मोबाईलजवळच असल्यामुळे मोठा. ती कडी मी लावली होती. मग ती पुन्हा विहिरीकडे वळली.

बहीण साडी कुरवाळत होती. मी रेघ खोडली आणि तिथे ते वाक्य लिहिलं.

टाईप केलेली पानं वाचून मुलाने सुचवलं की खिडकीचं वाक्य गाळावं, सोनईच्या आठवणींशी त्याचा काही संबंध नाही. संबंध नसेल. ते वाक्य आहे तिथेच आहे, आणि मी ते काढणार नाही.