होडीला बसवलेली तोटी

आमच्या घरी शिडाची एक होडी आहे, आणि ती जेवढा वेळ पाण्यात राहिली, त्याहून कितीतरी जास्त काळ पाणी तिच्यात राहिलं आहे.

बीड जिल्ह्यात होडी कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. मलाही पडला होता. (अजून उठलेला नाही.)

तर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या वस्तीतून नौदलात गेलेले पहिले आणि शेवटचे गृहस्थ. बाकीची पोरं एसटीत गेली, पोलिसात गेली. अण्णा थेट समुद्रावर गेले. परत आल्यावर एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले, पण नजर अशी लांब लावून, की गिऱ्हाइकं मागं वळून बघायची, जहाज आलं की काय! निवृत्त झाले आणि एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शिडाची होडी चालवायची राहिली बघ. जहाज काय, इंजिन चालवतंय. शिडात आपुन आन वारा. दुसरं कुनी न्हाई."

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पाऊस आमच्या जिल्ह्याला का हुलकावणी देतो, हे मला नकाशासह पाठ आहे. तरी मी कोकणातल्या एका क्लबानं मोडीत काढलेली होडी आणली! कारण तिच्यासोबत दोन चाकांचा ट्रेलर होता.

"अण्णा, हेच तर हिचं सुख हाय. पानी असंल तिकडं न्यायची."

पाणी कुठं असंल, हे कुणी विचारलं नाही. भूगोलाच्या मास्तरानंही नाही.

माझा दोस्त गफूरभाई याच्या पिकअपमागं होडी मांजरसुंब्याच्या चौकात आली, तेव्हा ढाब्यावरची माणसं हातातला घास ठेवून उठली.

"कोन उभं राह्यलंय ओ?"

"कुठं?"

"इलेक्शनला! होडी चिन्ह भेटलं न्हवं?"

"चिन्ह न्हाई, खरीच होडी हाय," मी म्हणालो.

"खरी? मंग पानी?"

"पानी मागून येतंय, दुसऱ्या गाडीत," गफूरभाई म्हणाला. (एक म्हातारा खरोखर रस्त्याकडं बघत बसला. बहुतेक अजून तिथंच असंल.)

होडी अंगणात उभी राहिली आणि त्या वर्षी पावसानं जी पाठ फिरवली! धरणाच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळू लागली. वारा मात्र असा, की डोंगरावरच्या पवनचक्क्यांना श्वास घ्यायला उसंत नव्हती. अण्णा रोज संध्याकाळी होडीत चढायचे, शीड उभारायचे आणि सुकाणू धरून बसायचे. होडी ट्रेलरवर थरथरायची. शेळ्या दावं तोडून पळायच्या.

"अण्णा, कुठवर आलाव?" शेजारी विचारायचे.

"गोवा गेलं मागं," अण्णा गंभीरपणे सांगायचे.

मग एका दुपारी टँकर आला. आमच्याकडं टँकर आला की घरातलं जे जे पोकळ असेल ते भरून घ्यायचं, हा नियम आहे. हंडे, ड्रम, पातेली, कुकरसुद्धा! मायनं सगळं भरलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि टँकरचा पाइप होडीत सोडला.

अण्णा झोपेतून उठून बाहेर आले आणि जागच्या जागी खिळले.

"आगं! होडीत पानी न्हाई घालायचं, पान्यात होडी घालायची असतीय!"

"आना मंग पानी," माय म्हणाली. "घालते की."

नौदलानं पुढं होऊन पाइप धरला.

होडीच्या बुडाला मागच्या बाजूनं एक बुचाचं भोक असतं, आत आलेलं पाणी सोडायला. मायनं चार दिवसांत नळवाल्याकडून तिथं तोटी बसवून घेतली. वस्तीतल्या बाया कळशा घेऊन होडीवर नंबर लावू लागल्या. मला वाटलं, अण्णा चिडतील. ते रोज वाकून बुडाखालून हात फिरवायचे आणि कोरडा हात मला दाखवायचे. "एक थेंब गळत न्हाई. जे आतलं भाईर जाऊ देत न्हाई, ते भाइरचं आत येऊ देनार न्हाई."

धरणात पाणी यायच्या आधी अण्णांच्या छातीत पाणी आलं. पायांना सूज. दोन पावलं टाकली की दम. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, पाणी मोजून पाजा, जड कामं बंद. अण्णा गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "यंदा येतोय का रं पाऊस?"

परतीच्या पावसानं एका आठवड्यात बिंदुसरा धरण भरलं. मी गफूरभाईला फोन केला. मायनं होडी रिकामी करण्यासाठी आदल्या दिवशीच तोटी उघडी सोडली. उरलेलं पाणी वांग्यांना. मी शीड तपासलं. दोर तपासले. तरंगायची जाकिटं तपासली. मायची दशम्यांची पिशवीसुद्धा तपासली! बुडाखाली वाकून बघायचं काम नेहमी अण्णांचं होतं, आणि अण्णांना आता वाकता येत नव्हतं.

ट्रेलरवरच्या होडीची मर्यादा अशी, की ट्रेलर रस्ता असेल तिथवर जातो, आणि रस्ता संपल्यावर लगेच पाणी सुरू होत नाही. मध्ये काळी माती सुरू होते! चाकं आसापर्यंत रुतली. धरण बघायला आलेले पन्नास लोक मदतीला धावले आणि प्रत्येकानं वेगळ्या दिशेला ढकललं. अण्णा होडीतच बसून होते. उतरायला तयार नाहीत.

"उतरलो तर पुन्हा चढनं व्हायचं न्हाई," ते हळूच मला म्हणाले.

शेवटी लोकांनी अण्णांसकट होडी ट्रेलरवरून उचलली आणि पाण्यात नेऊन ठेवली. मी मागून चढलो. अण्णांनी दोर ओढला, वारा शिडात शिरला, आणि ती बया सरळ निघाली! आवाज नाही, धूर नाही. काठावर शिट्ट्या. मी अण्णांकडं पाहिलं. घरात दोन पावलांना दम लागणारा माणूस ताठ बसला होता, आणि त्यांची धाप मला ऐकू येत नव्हती. कितीतरी महिन्यांनी.

मग माझे तळपाय गार पडले.

"अण्णा, पानी!"

"सगळीकडं पानीच हाय लेका, धरन हाय ते."

"आत! आत पानी येतंय!"

अण्णांनी खाली पाहिलं, मागं पाहिलं. "तोटी चालूय! तुझ्या मायनं तोटी चालू ठिवलीय! बंद कर!"

तोटी बाहेरून, पाण्याखाली. मी पालथा पडून हात लांब केला. हात तोटीला लागला, आणि पुढच्या क्षणी सगळा मीच तोटीच्या पलीकडं गेलो!

मी पट्टीचा बुडणारा आहे. अंगात जाकीट असूनही मी असा बुडत होतो, की बघणाऱ्याला शिकायला मिळावं. नाकातोंडात पाणी, मुखात "माय गं". आणि त्या गदारोळात मी पाहिलं : अण्णांनी सुकाणू लोटलं, डोकं खाली घातलं, शीड वरून सर्रकन दुसऱ्या बाजूला गेलं, होडी जागच्या जागी वळली आणि वाऱ्याच्या तोंडावर बरोबर माझ्या शेजारी येऊन थांबली. अर्धी भरलेली होडी! त्यांनी माझी कॉलर धरली.

"उभा राहा," ते म्हणाले. "कंबरेएवढंच हाय."

मी उभा राहिलो. कंबरेएवढंच होतं. काठावरचा हशा आजही माझ्या कानात आहे. होडी सावकाश गाळावर टेकली. अण्णा मांडीएवढ्या पाण्यात, शीड भरलेलं, सुकाणू हातात. गफूरभाई दोर घेऊन आला तर म्हणाले, "थांब जरा. वारा हाय तवर बसू दे."

वारा पडेपर्यंत आम्ही तिघं तिथंच होतो.

थंडी पडायच्या आत अण्णा गेले.

जलदानविधीला त्यांचे नौदलातले एक मित्र लांबून आले. भन्तेजींचा परित्राणपाठ झाल्यावर त्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या वडिलांचा फोन आला होता. म्हणाले, पोरगा होडी काय चालवतो! भर धरणात आत पाणी शिरलं, मी घाबरलो, पण पोरानं वळवून काठाला आणली."

मी मायकडं पाहिलं. सगळं काठावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "व्हय. लई भारी चालवतो."

ते गृहस्थ ऐकायला उत्सुक होते. भोवती माणसं जमली होती. माझ्याइतका थापाड्या तालुक्यात नाही, हे वैऱ्यालाही मान्य आहे. शेरडाचा वाघ करणारा माणूस मी! आणि मला त्यात एक लाटसुद्धा वाढवता आली नाही. होडी येत नाही, पोहता येत नाही, हे एक वेळ चालेल. पण बापानं जाताना हातात दिलेली आयती थाप पुढं रेटता येऊ नये, म्हणजे मास्तर, तुम्ही कामातनंच गेलात!