गेजच्या डबीवरचं कुंकू

आमचे मोठे साहेब रोज सकाळी भाकरी पास करायचे. तव्यावरची पहिली भाकरी ताटात आली की ती उजेडाकडे धरायची, पालथी करून टिचकी मारायची आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणायचं, "पास. चालू द्या." ओट्याशी उभ्या काकू मान वर न करता म्हणायच्या, "आणि नापास झाली तर तुम्ही थापणार का?" पुंडलिकनगरच्या घरी मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. नंतर कळलं की लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे.

साहेब संभाजीनगरला चिकलठाण्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर होते. पाळी सुरू झाली की मशीनवरचा पहिला नग तपासायचा आणि तो पास झाला तरच पुढचं काम, हा त्यांचा तिथला दंडक. तोच त्यांनी घरी नेला होता. बाजारातही तेच. काकूंच्या साडीला फॉल आणायला ते स्वतः गुलमंडीत जायचे. दुकानदाराने दाखवलेला तुकडा आणि साडी घेऊन भर रस्त्यात उन्हात उभे राहायचे. दुकानदार आतून म्हणायचा, "साब, रंग तो वही है." साहेब म्हणायचे, "ट्यूबलाइटखाली रंग पास करायचा नसतो."

साडेपाचला मात्र ते कारखान्यातून निघायचेच. कुणी फाईल घेऊन आला तर म्हणायचे, "उद्या सकाळी. घरी माणसं जेवायची थांबलेली असतात." लोक मागून हसायचे, एवढा मोठा साहेब आणि बायकोला भितो म्हणायचे. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "भितोच. त्यात काय?" मुलीची परीक्षा, मुलाचा ताप, काकूंचे गुडघे, सगळं आम्हाला माहीत असायचं. कारखान्याची कटकट मात्र घरी कुणाला माहीत नसायची.

मी तिथं तपासणीला होते. आमचं घर मेंढरं राखणारं. मेंढरं पुढं सरकली की बिऱ्हाडही सरकायचं, त्यात सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा रिक्षा चालवायचा. गेजने तपासायला इंग्रजी लागत नाही म्हणून मला ते काम मिळालं. गेज म्हणजे लोखंडी जबडा. पिन तोंडातून आत जायला हवी आणि आतल्या कोपऱ्याशी अडायला हवी. थेट आत गेली तर ती बारीक, म्हणजे बाद. आम्ही तपासायचो त्या पिना रिक्षाच्या ब्रेकच्या पेडलात बसायच्या. नोकरी जाईल या धास्तीने मी प्रत्येक पिन दोनदा लावून बघायची.

खंडेनवमीला कारखान्यात मशीन धुऊन पूजा व्हायची. त्या वर्षी मी माझ्या गेजची मनापासून पूजा केली. कुंकू तेलात कालवून आतबाहेर लावलं. दसऱ्यानंतर कामावर आल्यावर गेज वरून पुसला. आतल्या कोपऱ्यात कुंकू तसंच वाळून बसलं होतं, ते दिसलं नाही. नेमकं त्याच आठवड्यात मशीन जरा जास्त कापत होतं. बारीक पिना निघाल्या, त्या कुंकवावर अडल्या आणि मी त्या पास केल्या.

आठवड्याने एक पेटी परत आली. पिना खुळखुळतात, असं त्यावर लिहिलेलं. मी गेज उजेडाकडे धरला आणि आत लाल रेघ दिसली. शेजारच्या टेबलावरच्या सुमनबाईंनीही ती पाहिली. त्या हळूच म्हणाल्या, "पूस अन् गप बैस. कुणाला नाय कळायचं."

"बाकीच्या पेट्या गेल्यात ना, बाई."

"जाऊ दे की. तुला लेकरू हाय घरी."

लेकरू होतं. रिक्षा चालवणारा नवराही होता. मी दुपारभर गेज फडक्यात धरून बसले आणि साडेपाचला, साहेब डबा उचलून निघत असताना, केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. गेज टेबलावर ठेवला.

साहेबांनी भिंग घेऊन बघितलं. "कुंकू?"

"व्हय साहेब."

"पुसून का नाही टाकलं?"

"मनात आलतं."

ते खुर्चीत परत बसले. फोन उचलून घरी म्हणाले, "वीस मिनिटं उशीर होईल. तुम्ही बसून घ्या." साहेबांनी असा फोन केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मग कारखान्याबाहेर गेलेल्या सगळ्या पेट्या परत मागवायला सांगितलं. एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. कारण, गेजमध्ये कुंकू. चूक कुणाची, या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी म्हटलं, "चूक माझी हाय." ते म्हणाले, "सगळ्या हत्यारांची पूजा करा, असं सांगितलं कुणी? मीच ना? ताराबाई, पूजा गेज ठेवायच्या डबीची करा. देवाला डबीवरूनही पोचतं."

पेट्या आल्यावर ते दोन दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बसून पिना तपासत होते. माझ्या हातून पास झालेली पिन ते परत लावून बघत नव्हते, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्या दिवाळीला काकूंनी मला घरी बोलावलं. तेव्हापासून त्या घरात माझं नाव 'गेजवाली'.

साहेब रिटायर झाले, त्यालाही वीसेक वर्षं झाली. मुलगा होसूरला लागला तशी मीही इकडे तमिळनाडूत आले. भाषा येत नाही, पण गेज तोच आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेले तर काकूंची नजर गेलेली आणि ओट्याशी साहेब. वय ऐंशीच्या घरात, हात कापत होते, भाकरी काही कड धरत नव्हती. पहिली भाकरी त्यांनी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती बोटांनी चाचपली, टिचकी मारली आणि पालथी करून परत मारली. साहेब उलथनं धरून उभे. शेवटी त्या म्हणाल्या, "पास. पण या गेजवालीला विचारून."

मी पास म्हटलं. कुंकवाच्या वेळी कागदावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे म्हणून गेले होते. ते राहिलेच.

साहेब गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला. इथून संभाजीनगर गाठायला दीड दिवस लागतो. मी पोचेपर्यंत कोण थांबणार?

इकडेही नवमीला हत्यारांची पूजा होते. चंदन आणि कुंकू. परवा मी सगळ्या पोरींना हाताने खुणा करून सांगितलं, डबीला लावा. तरी आज सुट्टीच्या वेळेला सेल्वी नावाची नवी पोरगी फडक्यात काहीतरी गुंडाळून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. फडकं उघडून बघितलं तर गेजच्या आतल्या कोपऱ्यात चंदन.

मी तिला स्टूल पुढं ओढून दिलं आणि मुलाला फोन केला, "वीस मिनिटं उशीर होईल. तुम्ही बसून घ्या."