मुळे साहेबांची चाळण

नोकरी लागायच्या आधीच पेढे वाटणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहा. तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास होते. दहावी पास असल्याचा माज होता, आणि अकलेचं म्हणाल तर ती घरी कुठंतरी ठेवून विसरले होते.

नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीला पॅकिंगसाठी बायका हव्या होत्या. मी अर्ज टाकला आणि नंबर दिला पाथर्डीच्या आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचा, कारण मोबाईल तेवढा त्याच्याकडेच होता. दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम रोज दारात येऊन आम्हा नवरा-बायकोचं विचारत होता. मला काही करून त्या साली फडात जायचं नव्हतं. आणि कंपनीचा फोन आला. गिरणीवाल्यानं त्यांना जरा वेळानं परत करायला सांगून मला हाक मारली. तेवढ्यात मी घरी जाऊन लग्नातला शालू नेसले, तोंडाला पावडर लावली आणि पिठाच्या धुरळ्यात फोन कानाला लावून उभी राहिले.

पलीकडच्या साहेबांनी गाव विचारलं, मी सांगितलं. मग ऊसतोडीला जाता का, असं विचारलं. कष्टाची बाई म्हटल्यावर साहेब खूश होतील, असा माझा हिशेब. मी ठसक्यात सांगितलं, "व्हय साहेब, दर साली जातो. सहा सहा म्हैने घराचं तोंड बघत न्हाई."  पलीकडून गोड आवाजात एवढंच आलं, "बरं. कळवतो."

कंपनीच्या साहेबानं स्वतः होऊन फोन केला, गावाची विचारपूस केली, आता राहिलंच काय? मी गल्लीभर पेढे वाटले. मुकादमाला चार लोकांत सांगितलं, दुसरं जोडपं बघा, आम्ही आता कंपनीवाले.

कळवायला कुणी आलं नाही. टोळीची गाडी भरायला लागली तेव्हा मीच मुकादमाच्या दारात गेले. त्यानं मला बराच वेळ उभं ठेवलं, पेढे संपले का म्हणून विचारलं आणि मगच गाडीत घेतलं. तो सगळा सीझन मी ऊस तोडलाच नाही. मी ते 'कळवतो' तोडत होते.

सीझन संपल्यावर मी पाथर्डीला न जाता नवऱ्याला घेऊन थेट नागापूरला आले, खोली घेतली आणि कंत्राटदाराकडून झाडू-फरशीचं काम मिळवलं. मुद्दाम त्याच कंपनीत. मला तो चेहरा बघायचा होता.

चेहऱ्यानं निराशा केली. मुळे साहेब सोनईच्या शेतकरी घरातले, किडकिडीत, तेल लावून चापून भांग पाडलेले. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवायचे, कारण कानात स्कूटरची किल्ली असायची. उमेदवार बोलायची आणि साहेब कान कोरायचे. प्रश्न ठरलेले: राहता कुठं, येणार कशा, आधीचं काम का सोडलं, पगार किती हवा, कधीपासून येता. उत्तर देताना किल्ली मध्येच थांबली की ती बाई गेलीच म्हणून समजायचं. मग तेच, "बरं. कळवतो." मी टेबलाखाली फडकं घातलं की बोलणं न तोडता दोन्ही पाय वर उचलायचे.

माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण. संडास धुताना माझ्या हातावर ॲसिड सांडलं, तेव्हा त्यांनीच मला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं आणि पट्टी होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांना माफ करायचा मी मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही.

एकदा भोळेपणाचा आव आणून मी विचारलं, एवढे फोन करता, मग माणसं मोजकीच कशी घेता? साहेबांनी पाय उचलले आणि म्हणाले, "बाई, पहिला फोन माणूस घ्यायला नसतोच. ती चाळण हाय. गहू कसाय ते मागाहून बघायचं, आधी खडे काढायचे. सहा म्हैने ऊसतोडीला जाणारी बाई म्हंजे पहिला खडा."

खडा त्यांच्या पायाखालची फरशी पुसत होता. त्याच दिवशी मी ठरवलं, यांच्याच चाळणीतून यांना खडे खायला घालायचे.

पाथर्डीच्या गल्लीतल्या पोरींना मी नागापूरच्या खोलीवर बोलावून घेतलं. रविवारी कानात किल्ली घालून मी मुळे साहेब व्हायची आणि पोरी उत्तरं द्यायच्या. मी शिकवायची, फोनवर तुला कुणी बघत नाही, तेव्हा शालू पेटीतच ठेव. गिरणीपासून लांब उभी राहा. विचारलं तेवढं सांग आणि थांब, कौतुक सांगत बसू नको. कुठं राहता म्हटलं की सांग, नागापुरातच, मावशीकडं. यात खोटं अक्षर नव्हतं. मावशी मीच होते आणि पोरी खरंच माझ्या खोलीत झोपायच्या. शेवटी साहेब कळवतो म्हणाले की विचारायचं, "कधीपर्यंत, साहेब?" पहिल्या पोरीनं हे विचारलं तेव्हा मी कपाट पुसत होते. साहेबांच्या हातातली किल्ली खाली पडली. ती मीच उचलून दिली, फार आदरानं.

अशी अठरा-वीस वर्षं गेली. पॅकिंगचा हॉल माझ्या पोरींनी भरला. सीझनला एकही गेली नाही. उलट त्यांच्या आयांनीही हळूहळू कोयता खाली ठेवला. साहेब मॅनेजरला अभिमानानं सांगायचे, माझी चाळण बारीक आहे. मी फरशी पुसत राहायची.

हे सगळं उघडं पाडलं माझ्या सख्ख्या नातीनं. तिनंही अर्ज केला होता. पण आजीकडून काय शिकायचं, असा तिचा तोरा. माझाच वारसा, दुसरं काय! फोन लागला तेव्हा मी बादली घेऊन केबिनच्या दाराबाहेर होते. साहेबांनी सवयीनं विचारलं, "राहता कुठं? मावशीकडंच का?"

स्पीकरवरून नातीचा आवाज आला, "न्हाई साहेब, आजीकडं. ती बाकीच्या पोरींची मावशी हाय. तुमच्यातच फरशी पुसती."

किल्ली थांबली.  तिची नोकरी तर गेलीच, पण हॉलमधल्या सगळ्या पोरी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. साहेबांनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग, मी अजून बाहेरच असताना, त्यांनी दोन्ही पाय वर उचलले आणि फोनमध्ये म्हणाले, "सोमवारी या."

फोनवरच निकाल कळवताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

यंदा साहेब निवृत्त झाले. भाषणं झाली, हार झाले, लोक पांगले. मी त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि हे कुठल्या फोनचे पेढे ते सांगितलं. शालू, गिरणी, गल्ली, मुकादमाचं दार, काही सोडलं नाही. एवढी वर्षं हे बोलणं मी मनात धार लावून ठेवलं होतं. तो भांग पाडलेला चेहरा एकदा पडलेला बघायचा होता.

साहेबांनी एक पेढा सावकाश, शेवटपर्यंत खाल्ला. रुमालाला बोटं पुसली. किल्ली खिशात टाकली. आणि त्याच फोनवरच्या गोड आवाजात म्हणाले,

"आक्का, कळवायचं राहूनच गेलं बघा. तुमची निवड झालेली नाही."